स्मृतिक्षयाच्या प्रारंभिक अवस्थेतील मेंदू-प्रतिमांकन चिन्हके

मेंदू-प्रतिमांकन चिन्हके म्हणजे एमआरआय, पेट इत्यादी तंत्रांनी मिळवलेल्या मेंदूच्या प्रतिमांमध्ये दिसणारी आणि मोजता येणारी अशी वैशिष्ट्ये, ज्यांवरून मेंदूत चालू असलेल्या रोगप्रक्रियेचा अंदाज बांधता येतो. स्मृतिक्षयाच्या प्रारंभिक अवस्थेत या चिन्हकांना विशेष महत्त्व आहे. त्या काळात रुग्णाची तक्रार सौम्य असते आणि दैनंदिन व्यवहार बहुतांशी सुरळीत चालतात. परंतु अल्झायमर रोगासारख्या विकारात मेंदूतील बदल त्याच्या अनेक वर्षे आधी सुरू झालेले असतात. हिप्पोकॅम्पस या भागाचा अपक्षय, ग्लुकोजच्या वापरातील घट, अमायलॉइड प्रथिनाचा संचय आणि टाऊ प्रथिनाचा प्रसार ही या गटातील प्रमुख चिन्हके होत. यांपैकी प्रत्येक चिन्हक रोगाची एक बाजू दाखवते. एखाद्या व्यक्तीची स्मृती पुढे किती व केव्हा क्षीण होईल, याचे निश्चित उत्तर एकटे कोणतेही चिन्हक देत नाही.

प्रारंभिक स्मृतिक्षयाचे स्वरूप

वाढत्या वयात नाव आठवण्यास वेळ लागणे किंवा चष्मा कोठे ठेवला हे विसरणे सर्वसामान्य आहे. अशा वेळी थोडा संकेत मिळाला की आठवण परत येते. याउलट, कालच्या समारंभास आपण गेलो होतो हेच न आठवणे आणि कोणी तपशील सांगितल्यावरही त्याची ओळख न पटणे, हे नवी आठवण मुळात साठवलीच न गेल्याचे लक्षण असू शकते.

वयानुरूप विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया, यांच्या मधल्या अवस्थेला सौम्य बोधात्मक क्षीणता म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ती 'एमसीआय' या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या निकषांमुळे ही संकल्पना रूढ झाली. रुग्णाची अथवा नातलगांची स्मृतीविषयीची तक्रार, चाचण्यांमध्ये वय व शिक्षण यांच्या मानाने कमी गुण आणि तरीही स्वावलंबी दैनंदिन जीवन, ही तिची मुख्य लक्षणे होत.

सौम्य बोधात्मक क्षीणता हा एकच रोग नव्हे. स्मृतिचिकित्सालयात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी सुमारे १० ते १५ टक्के जणांमध्ये पुढे स्मृतिभ्रंश आढळतो. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण त्याहून कमी असते. काही जण वर्षानुवर्षे त्याच अवस्थेत राहतात आणि काहींची स्मृती पूर्ववत होते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, नैराश्य, निद्राविकार आणि काही औषधे यांमुळेही असाच विसराळूपणा निर्माण होतो. समान तक्रार घेऊन आलेल्या दोन व्यक्तींची भिन्न कारणे वेगळी करणे, हाच प्रतिमांकन चिन्हकांचा मुख्य हेतू आहे.

इतिहास

जर्मन मनोविकारतज्ज्ञ आलोइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील परिषदेत ऑगस्ट डेटर या स्त्रीरुग्णाची हकिकत मांडली. १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात दाखल झालेल्या या रुग्णाच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्यात आली. पेशींबाहेरील साके आणि पेशींमधील तंतूंचे गुंते हे त्या वेळी आढळलेले दोन बदल आजही या रोगाची ओळख मानले जातात. त्यानंतर जवळपास शतकभर रोगाची निश्चिती केवळ शवविच्छेदनातूनच होऊ शकत होती.

जिवंत व्यक्तीच्या मेंदूची रचना सुलभपणे पाहता येण्याची सुरुवात १९७१ मध्ये लंडन येथे झालेल्या पहिल्या सीटी तपासणीने झाली. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एफडीजी हा किरणोत्सारी ट्रेसर प्रथमच मानवास देण्यात आला आणि मेंदूच्या चयापचयाची प्रतिमा घेणे शक्य झाले. १९८० च्या दशकात एमआरआयचा प्रसार झाल्यावर हिप्पोकॅम्पससारख्या लहान भागांचे मोजमाप करता येऊ लागले.

पुढचा मोठा टप्पा अमायलॉइडच्या प्रतिमांकनाचा होता. पिट्सबर्ग विद्यापीठातील विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस यांनी विकसित केलेल्या 'पिट्सबर्ग कंपाउंड बी' या ट्रेसरची मानवावरील पहिली चाचणी स्वीडनमधील उप्साला येथे झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत 'अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह' हा प्रकल्प सुरू झाला. निरोगी, सौम्य क्षीणता असलेल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींच्या वारंवार केलेल्या तपासण्यांची माहिती या प्रकल्पाने जगभरच्या संशोधकांना खुली करून दिली.

हिप्पोकॅम्पसचा अपक्षय

मेंदूच्या दोन्ही बाजूंस, कानाच्या पातळीवर असलेल्या शंखखंडाच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस हा वळणदार भाग असतो. नव्या आठवणी घडवण्यातील त्याचे कार्य हेन्री मोलेसन या रुग्णामुळे स्पष्ट झाले. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतील भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यानंतर त्याची बुद्धी आणि बालपणाच्या आठवणी बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. परंतु नव्या घटना त्याच्या स्मरणात टिकेनाशा झाल्या. विल्यम स्कोव्हिल व ब्रेंडा मिलनर यांनी १९५७ मध्ये या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

अल्झायमर रोगात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचे एन्टोऱ्हायनल बाह्यक हे भाग लवकर बाधित होतात. चेतापेशी व त्यांच्यातील जोडण्या नष्ट झाल्याने हा भाग आक्रसतो आणि त्याच्या शेजारची द्रवाने भरलेली पोकळी रुंद होते. एमआरआयमध्ये हे दोन्ही बदल दिसतात. निरोगी वृद्धांमध्ये हिप्पोकॅम्पसचे आकारमान वर्षाला साधारणतः १ ते २ टक्क्यांनी घटते, तर अल्झायमर रोगात ही घट साधारणतः ३ ते ५ टक्के असते. त्यामुळे एका तपासणीतील आकारापेक्षा वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांतील फरक अनेकदा अधिक बोलका ठरतो.

दैनंदिन वैद्यकीय व्यवहारात या अपक्षयाची प्रतवारी डोळ्यांनी केली जाते. त्यासाठी नेदरलँड्समधील फिलिप शेल्टेन्स व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली श्रेणी वापरतात. समोरून घेतलेल्या उभ्या छेदांच्या प्रतिमांवर ती पुढीलप्रमाणे ठरवली जाते:

० – अपक्षय नाही.
१ – हिप्पोकॅम्पसच्या वरची फट किंचित रुंद.
२ – फटीबरोबर शेजारच्या पोकळीचे टोकही रुंद.
३ – हिप्पोकॅम्पसच्या आकारात मध्यम घट.
४ – आकारात तीव्र घट व अंतर्गत रचना अस्पष्ट.

ढोबळमानाने ७५ वर्षांखालील व्यक्तीत २ किंवा त्याहून अधिक आणि त्यापुढील वयात ३ किंवा त्याहून अधिक श्रेणी असामान्य मानली जाते. एकच प्रतिमा ६० वर्षांच्या व्यक्तीत चिंताजनक आणि ८५ वर्षांच्या व्यक्तीत अपेक्षित ठरू शकते. म्हणून तपासणीच्या अहवालातील 'वयानुरूप अपक्षय' या शब्दांचा अर्थ रोग असा नव्हे.

हिप्पोकॅम्पसचा अपक्षय हे अल्झायमर रोगाचे खास चिन्ह नाही. अपस्मार, दीर्घकालीन नैराश्य, रक्तवाहिन्यांचे विकार तसेच अतिवृद्धांमध्ये आढळणारा टीडीपी-४३ या प्रथिनाचा संचय यांतही हा भाग आक्रसतो. उलटपक्षी, अल्झायमर रोगाच्या काही प्रकारांत मेंदूचा मागचा भाग प्रथम बाधित होतो. त्या रुग्णांत हिप्पोकॅम्पस बराच काळ सुस्थितीत दिसतो.

ग्लुकोजच्या वापरातील घट

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजपासून मिळते आणि तिचा मोठा वाटा चेतापेशींमधील संदेशवहनावर खर्च होतो. फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी समस्थानिक जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य, म्हणजेच एफडीजी, शिरेतून दिल्यास ते क्रियाशील भागांत अधिक प्रमाणात साचते. तपासणीपूर्वी रुग्णास उपाशी ठेवतात आणि ट्रेसर दिल्यानंतर शांत, मंद प्रकाशाच्या खोलीत विश्रांती घेण्यास सांगतात. रक्तातील साखर फार वाढलेली असल्यास प्रतिमेचा दर्जा खालावतो.

अल्झायमर रोगाच्या प्रारंभी मेंदूच्या मध्यरेषेलगत मागच्या बाजूस असलेले पश्च सिंग्युलेट व प्रीक्युनियस हे भाग, तसेच शंखखंड व पार्श्वखंड यांच्या संगमाचा भाग ग्लुकोज कमी वापरू लागतो. हालचाल आणि प्राथमिक संवेदना यांचे भाग तुलनेने सुरक्षित राहतात. स्मृतीची तक्रार असतानाही पश्च सिंग्युलेटमध्ये घट दिसण्याचे एक कारण म्हणजे हा भाग हिप्पोकॅम्पसशी चेतातंतूंनी जोडलेला आहे. एका ठिकाणच्या पेशी नष्ट झाल्या की दूरच्या जोडलेल्या भागाचे कार्यही मंदावते.

घटीच्या भौगोलिक आकृतीवरून रोगांमध्ये फरक करता येतो, हे या तपासणीचे वैशिष्ट्य होय. ललाटखंड व शंखखंडाचा पुढचा भाग यांत घट असल्यास फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाची, तर दृष्टीशी निगडित पश्चखंडात घट असल्यास लेवी पिंडांच्या स्मृतिभ्रंशाची शक्यता विचारात घेतली जाते.

एरिक रीमन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्या, परंतु स्मृती निरोगी असलेल्या मध्यमवयीन व्यक्तींची अशी तपासणी केली. अल्झायमर रुग्णांत आढळणाऱ्या भागांतच त्यांच्यामध्ये ग्लुकोजचा वापर कमी असल्याचे आढळले. लक्षणांच्या खूप आधी मेंदूत बदल दिसू शकतात, याचे हे आरंभीचे प्रत्यंतर होते.

अमायलॉइड संचय

अल्झायमर यांनी वर्णन केलेले पेशींबाहेरील साके बीटा-अमायलॉइड या प्रथिनखंडाचे बनलेले असतात. पिट्सबर्ग कंपाउंड बी या साक्यांना चिकटते. परंतु त्यातील कार्बन-११ चे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे असल्याने ते जेथे तयार होते तेथेच वापरावे लागते. सुमारे ११० मिनिटे अर्धायुष्य असलेल्या फ्लोरिन-१८ वर आधारित ट्रेसरमुळे ही अडचण कमी झाली. अशा ट्रेसरपैकी फ्लोरबेटापिर यास २०१२ मध्ये, फ्लुटेमेटामॉल यास २०१३ मध्ये आणि फ्लोरबेटाबेन यास २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

या प्रतिमांचे वाचन प्रथमदर्शनी अपेक्षेविरुद्ध वाटते. अमायलॉइड नसलेल्या मेंदूतही ट्रेसर आतल्या श्वेत द्रव्यात काही प्रमाणात धरला जातो. त्यामुळे निरोगी मेंदूच्या प्रतिमेत श्वेत द्रव्य उजळ आणि बाहेरचे करडे द्रव्य फिके दिसून दोहोंमधील सीमा स्पष्ट राहते. अमायलॉइड साचल्यावर करडे द्रव्यही उजळते आणि ही सीमा पुसली जाते. म्हणजेच येथे असामान्यता ठरते ती बहुधा फरक नाहीसा झाल्यावरून. निरनिराळ्या ट्रेसरची मोजमापे एका पट्टीवर आणण्यासाठी २०१५ मध्ये 'सेंटिलॉइड' मापन मांडण्यात आले. त्यात तरुण निरोगी व्यक्तींची सरासरी ० आणि सौम्य अल्झायमर रुग्णांची सरासरी १०० मानली जाते.

अमायलॉइडचा संचय संथ असतो. आनुवंशिक अल्झायमर रोगाच्या कुटुंबांवरील २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणे अपेक्षित असलेल्या वयाच्या सुमारे १५ वर्षे आधी हा संचय प्रतिमांत दिसू लागल्याचे नोंदवले गेले. मात्र एकदा साके पसरल्यावर त्यांचे प्रमाण आणि स्मृतीतील घट यांचा संबंध सैल राहतो. संचय जवळजवळ कमाल मर्यादेला पोहोचल्यानंतरच अनेकदा लक्षणे दिसू लागतात.

टाऊ प्रथिनाचा प्रसार

पेशींमधील गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात. हायको व एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूंच्या अभ्यासावरून या गुंत्यांच्या प्रसाराचे सहा टप्पे सांगितले. पहिल्या दोन टप्प्यांत ते एन्टोऱ्हायनल बाह्यक व त्याच्या परिसरात, पुढील दोन टप्प्यांत हिप्पोकॅम्पससह शंखखंडाच्या अन्य भागांत आणि अखेरच्या दोन टप्प्यांत बाह्यकाच्या विस्तृत प्रदेशात पसरतात.

हा प्रसार जिवंत व्यक्तीत दाखवणाऱ्या फ्लॉरटाउसिपिर या ट्रेसरला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. टाऊचे स्थान लक्षणांशी बरेच जुळते: स्मृतीची तक्रार प्रमुख असल्यास तो शंखखंडात आणि दृष्टीद्वारे आकलनाची अडचण प्रमुख असल्यास मेंदूच्या मागच्या भागात अधिक आढळतो. शंखखंडाच्या आतल्या भागापुरता मर्यादित टाऊ मात्र वृद्धापकाळात अमायलॉइड नसतानाही सर्रास आढळतो. तो अमायलॉइडसोबत बाह्यकात पसरू लागणे ही अल्झायमर रोगाच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी मानली जाते.

या ट्रेसरची एक तांत्रिक मर्यादा आहे. हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळीतही तो धरला जातो. त्यामुळे ज्या भागाविषयी प्रारंभिक अवस्थेत सर्वाधिक कुतूहल असते, त्याच भागाचे वाचन अवघड होते.

रक्तवाहिन्या व जोडण्यांशी संबंधित चिन्हके

एमआरआयमध्ये श्वेत द्रव्यात दिसणारे उजळ डाग बहुधा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराचे द्योतक असतात. त्यांच्या प्रतवारीसाठी १९८७ मध्ये मांडलेली फाझेकास श्रेणी वापरली जाते. थोडे डाग वृद्धांमध्ये सामान्य होत. विस्तृत डाग असल्यास स्मृतीपेक्षा विचारांचा वेग व नियोजनक्षमता यांवर अधिक परिणाम होतो. उच्च रक्तदाब व मधुमेह यांवरील उपचार शक्य असल्याने या चिन्हकाला प्रतिबंधाच्या दृष्टीने मोल आहे. वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल व रक्तवाहिन्यांचे बदल एकत्र आढळणे हे अपवादात्मक नाही.

पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून चेतातंतूंच्या जुड्यांची अवस्था दाखवणारे आणि रक्तप्रवाहातील चढउतारांवरून मेंदूच्या भागांतील समन्वय दाखवणारे एमआरआयचे प्रकारही अभ्यासले जातात. सौम्य क्षीणतेच्या काही रुग्णांत आठवण घडवण्याच्या कामी हिप्पोकॅम्पस निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक सक्रिय आढळतो. ही वाढ हानी भरून काढण्याचा प्रयत्न आहे की बिघडलेल्या नियंत्रणाचा परिणाम, याविषयी मतभिन्नता आहे. एकेका रुग्णाच्या निदानासाठी या पद्धती अद्याप सर्वमान्य झालेल्या नाहीत.

चिन्हकांचा क्रम व वर्गीकरण

क्लिफर्ड जॅक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चिन्हकांच्या क्रमाचा एक प्रस्तावित आराखडा मांडला. त्यानुसार प्रथम अमायलॉइड, नंतर टाऊ व चेतापेशींची हानी, त्यानंतर मेंदूचा अपक्षय आणि शेवटी स्मृती व दैनंदिन कार्यातील घट, असे बदल एकामागून एक घडतात. २०१३ मध्ये या आराखड्यात सुधारणा करण्यात आली, कारण काही व्यक्तींत अमायलॉइड नसतानाही अपक्षय आढळत होता.

२०१६ मध्ये चिन्हकांचे तीन गट पाडणारी पद्धत सुचवण्यात आली: अमायलॉइड, टाऊ आणि चेतापेशींचा ऱ्हास. अमायलॉइड पेट पहिल्या गटात, टाऊ पेट दुसऱ्या गटात आणि एमआरआयमधील अपक्षय व एफडीजी पेटमधील घट तिसऱ्या गटात येतात. पहिले दोन गट अल्झायमर रोगाची ओळख पटवतात. तिसरा गट हानीची तीव्रता सांगतो, तिचे कारण सांगत नाही.

या वर्गीकरणाच्या आधारे २०१८ च्या संशोधन-आराखड्यात आणि अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या कार्यगटाच्या २०२४ मधील निकषांत अल्झायमर रोगाची व्याख्या लक्षणांऐवजी जैविक बदलांवर आधारण्यात आली. त्यानुसार लक्षणविरहित व्यक्तीतही असामान्य चिन्हकांवरून रोग असल्याचे म्हणता येते. इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप या तज्ज्ञगटाने यास आक्षेप घेतला. त्यांच्या मते लक्षणे नसलेल्या व्यक्तीस रुग्ण न म्हणता 'जोखीम असलेली' म्हणावे, कारण अशा अनेकांना हयातीत स्मृतिभ्रंश होतच नाही.

अर्थबोधातील अडचणी

या वादाचा आधार आकडेवारीत आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार, स्मृती निरोगी असलेल्या व्यक्तींमध्ये अमायलॉइड संचयाचे प्रमाण ५० व्या वर्षी सुमारे १० टक्के, तर ९० व्या वर्षी सुमारे ४४ टक्के असते. सौम्य बोधात्मक क्षीणता असलेल्यांमध्ये हेच प्रमाण त्याच वयांत अनुक्रमे सुमारे २७ व ७१ टक्के असते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. ५५ वर्षांच्या व्यक्तीची स्मृती क्षीण होत असताना अमायलॉइड आढळल्यास ते तिच्या तक्रारीचे कारण असण्याची शक्यता मोठी असते. ८८ वर्षांच्या व्यक्तीत मात्र तो केवळ वयासोबत आलेला असू शकतो आणि विसराळूपणाचे कारण दुसरेच असू शकते. दुसरे असे की, अमायलॉइड न आढळण्याचा निष्कर्ष कोणत्याही वयात उपयुक्त असतो. तो तक्रारीमागे अल्झायमर रोग असण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात दूर करतो.

प्रतिमा आणि स्मृती यांतील अंतराचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील 'नन स्टडी' या अभ्यासात आढळते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ६७८ जोगिणींनी भाग घेतला आणि मृत्यूनंतर मेंदूदान करण्यास संमती दिली. त्यांपैकी सिस्टर मेरी या १०१ वर्षे जगल्या आणि अखेरपर्यंत बोधात्मक चाचण्यांत उत्तम गुण मिळवत राहिल्या. परंतु त्यांच्या मेंदूत साके व गुंते विपुल प्रमाणात आढळले. हानी सोसूनही कार्य टिकवून धरण्याच्या या क्षमतेला बोधात्मक राखीव क्षमता म्हणतात. शिक्षण, बौद्धिक व्यवसाय आणि सामाजिक सहभाग यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो. या क्षमतेचे थेट मापन कोणत्याही प्रतिमेत होत नाही.

वैद्यकीय उपयोग

स्मृतीची तक्रार असलेल्या रुग्णाची तपासणी सविस्तर विचारपूस, नातलगांशी संवाद, बोधात्मक चाचण्या व रक्ततपासणी यांनी सुरू होते. त्यानंतर सीटी अथवा एमआरआय केला जातो. त्याचा पहिला हेतू मेंदूतील गाठ, कवटीखाली साचलेले रक्त, पोकळ्यांत साठलेले पाणी किंवा मूक पक्षाघात यांसारखी कारणे वगळणे हा असतो. त्यांपैकी काहींवर परिणामकारक उपचार असतात. पेट तपासणीचा विचार निदान अनिश्चित राहिल्यास केला जातो. अमायलॉइड पेट प्रतिमेसाठी लागणारी किरणोत्साराची मात्रा साधारणतः ७ मिलिसीव्हर्ट असते. एमआरआयमध्ये आयनकारी किरणोत्सार नसतो.

अमेरिकेतील ११,००० हून अधिक रुग्णांच्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमायलॉइड पेटनंतर सुमारे ६० टक्के रुग्णांच्या उपचार-व्यवस्थापनात बदल झाल्याचे आढळले. अल्झायमर नसल्याचे कळल्याने अनावश्यक औषधे बंद होणे हाही त्यातील एक प्रकार होता.

अमायलॉइड दूर करणाऱ्या प्रतिपिंड-औषधांमुळे चिन्हकांना नवे महत्त्व आले. लेकानेमॅब यास २०२३ मध्ये व डोनानेमॅब यास २०२४ मध्ये अमेरिकेत नियमित मान्यता मिळाली. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १८ महिन्यांत रोगाची प्रगती निष्क्रिय औषधाच्या तुलनेत २७ टक्क्यांनी मंदावली. ती थांबली नाही. ही औषधे देण्यापूर्वी मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री करावी लागते. उपचारादरम्यान मेंदूला सूज व सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकत असल्याने ठराविक काळाने एमआरआय करणे आवश्यक असते. अमायलॉइड घटत असताना या रुग्णांच्या मेंदूचे आकारमान मात्र अधिक घटलेले आढळले आहे आणि त्याचा अर्थ वादग्रस्त आहे. अपक्षय वाढणे म्हणजे रोग वाढणे, हे समीकरण येथे सरळपणे लागू होत नाही.

रक्तातील फॉस्फोरिलेटेड टाऊ-२१७ मोजणाऱ्या चाचण्याही विकसित झाल्या आहेत. अशा एका चाचणीस मे २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. या चाचण्यांमुळे पेट तपासणीची गरज कमी होण्याची शक्यता आहे. मात्र मेंदूच्या कोणत्या भागात बदल आहेत, हे रक्तावरून कळत नाही.

भारतातील स्थिती

देशव्यापी नमुन्यावर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजेच सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक आढळले.

पेट तपासणीसाठी लागणारे समस्थानिक सायक्लोट्रॉन यंत्रात तयार होतात. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मुंबईतील परळ येथील विकिरण वैद्यक केंद्रात २००२ मध्ये कार्यान्वित झाले. पेट यंत्रांचा वापर देशात प्रामुख्याने कर्करोगासाठी होतो. एफडीजी हा ट्रेसर कर्करोगातही लागत असल्याने तो मोठ्या शहरांत उपलब्ध असतो. अमायलॉइड व टाऊ यांचे ट्रेसर त्या मानाने दुर्मीळ आहेत. परिणामी बहुसंख्य रुग्णांसाठी एमआरआय हेच प्रमुख साधन राहते.

मोजमापांचे बहुतेक प्रमाणित आकडे युरोप व उत्तर अमेरिकेतील व्यक्तींवरून ठरलेले आहेत. हैदराबाद येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या भारतीय मेंदू-नकाशात भारतीयांचा मेंदू पाश्चात्त्य नमुन्यांपेक्षा सरासरीने लहान आढळला. पाश्चात्त्य प्रमाणाशी तुलना केल्यास निरोगी भारतीय व्यक्तीचा मेंदूही अपक्षय झालेला भासू शकतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकातील श्रीनिवासपूर परिसरातील ग्रामीण नागरिकांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. प्रतिमांच्या जोडीने लागणाऱ्या बोधात्मक चाचण्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत चाचणी-संच तयार केला. शालेय शिक्षण अल्प असलेल्या वृद्धांमध्ये चाचणीतील कमी गुण म्हणजे आजार असे मानता येत नाही. त्यामुळे भाषा व शिक्षण यांना अनुरूप चाचणीशिवाय प्रतिमेचा अर्थ अपुरा राहतो.

नैतिक प्रश्न

लक्षणे नसलेल्या व्यक्तीने केवळ कुतूहलापोटी किंवा कुटुंबात आजार असल्याने अमायलॉइड तपासणी करावी काय, हा प्रश्न वादाचा आहे. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या उपयोग-निकषांत अशा व्यक्तींसाठी ही तपासणी अयोग्य ठरवण्यात आली. रोग उलटवणारा उपचार उपलब्ध नसताना मिळालेली माहिती नोकरी, विमा, वाहनचालन आणि कौटुंबिक निर्णय यांवर परिणाम करू शकते. दुसरीकडे, निदान लवकर कळल्यास रुग्णास आपली निर्णयक्षमता शाबूत असतानाच आर्थिक व्यवस्था, मृत्युपत्र आणि पुढील काळजीविषयी स्वतःची इच्छा नोंदवता येते. निष्कर्ष सांगण्यापूर्वी आणि सांगितल्यानंतर समुपदेशन करावे, यावर व्यापक सहमती आहे. त्या समुपदेशनात प्रतिमेने काय सिद्ध केले याबरोबरच काय सिद्ध केले नाही, हेही स्पष्ट करणे अपेक्षित असते.

हे सुद्धा पहा

अल्झायमर रोग
स्मृतिभ्रंश
हिप्पोकॅम्पस
चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन
पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रण